परत आलेली गोधडी

शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात उल्हास मोडकची ओळख करून देताना कुणी त्याच्या कंपनीचं नाव सांगत नसे. 'हा आमचा गोल्डवाला उल्हास' एवढंच सांगत, आणि उल्हासला ते मनापासून आवडे. आवडतं हे तो दाखवत नसे, पण पाकिटातलं ते सोनेरी कार्ड कुणी बघायला मागितलं, तर ते नेमकं वरच्याच कप्प्यात सापडे.

माणूस तसा साधा. पुण्याचा. शहाण्णव साली व्हिसावर आला, गोदामांच्या सॉफ्टवेअरमध्ये पडला आणि क्लायंटच्या गावोगाव फिरू लागला. सोमवारी पहाटे विमान, गुरुवारी रात्री परत. पहिली चार-पाच वर्षं त्यानं मधल्या सीटवर, शौचालयाला चिकटलेल्या रांगेत, गुडघे पोटाशी घेऊन काढली. या देशात आल्यापासून तो कुठल्या ना कुठल्या रांगेच्या शेवटी उभा होता. व्हिसाची रांग, लायसनची रांग, दोन हजार एकनंतर बूट हातात घेऊन उभं राहायची रांग. मग एक दिवस विमानकंपनीच्या हिशेबात त्याचे मैल भरले, सोनेरी कार्ड आलं, आणि विमानतळावरच्या बाईनं त्याच्यासाठी दोरी बाजूला केली. "वेलकम बॅक, मिस्टर मोडॅक." नाव चुकलं होतं, पण दोरी त्याच्यासाठी सरकली होती. घरी इतक्या अगत्यानं आपलं स्वागत शेवटचं कधी झालं, हे उल्हासला आठवत नव्हतं.

मंडळाला या कार्डाचा फायदा वेगळाच होता. आपल्या लोकांना पोस्टापेक्षा ओळखीच्या माणसावर भरवसा जास्त. "कोणी चाललंय का तिकडे?" हा प्रश्न मंडळाच्या दर कार्यक्रमात बटाटेवड्यांच्या रांगेत विचारला जायचा, आणि उत्तर बहुतेक वेळा उल्हास असायचं. त्यानं डॅलसला गणपतीची मूर्ती मांडीवर घेऊन नेली होती. न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला कुणाच्या तरी सासऱ्यांची विसरलेली कवळी पोचवली होती. इतक्या वर्षांत एकही वस्तू हरवली नव्हती, एकही उशिरा गेली नव्हती. विमानकंपनीचं कार्ड सोनेरी होतं, पण मंडळातला हा लौकिक त्यानं स्वतःच्या हातांनी कमावला होता. आणि घालवलाही स्वतःच्याच हातांनी.

सन दोन हजार सातमध्ये असं झालं की त्याला चार महिने शिकागोतच प्रोजेक्ट मिळालं. कांचन, म्हणजे त्याची बायको, खूश झाली. रोज संध्याकाळी नवरा घरी. उल्हास मात्र ऑक्टोबरपासून कासावीस. वर्षाला पन्नास हजार मैल भरले नाहीत, तर कार्ड जातं, आणि डिसेंबर उजाडला तेव्हा त्याचे तीन हजार तीनशे मैल कमी पडत होते. यावर त्याच्या जातीच्या प्रवाशांकडे एक तोडगा असतो. कुठलं तरी लांबचं स्वस्त तिकीट काढायचं, जायचं, आणि त्याच विमानतळावरून तसंच परत यायचं. मैल तेवढे पदरात. त्यानं एकतीस डिसेंबरचं शिकागो ते सिअ‍ॅटल आणि तासाभरानं सिअ‍ॅटल ते शिकागो असं तिकीट काढलं.

"सिअ‍ॅटलला काय आहे?" कांचननं विचारलं.

"काही नाही. गेट आहे."

"म्हणजे सुट्टीच्या दिवशी तू दिवसभर विमानात बसणार, आणि कुठेच जाणार नाहीस."

"तुला नाही कळायचं."

"मला कळलंय, म्हणून तर विचारतेय," असं म्हणून ती कणीक मळू लागली.

आता शैलजाकाकूंबद्दल सांगायला हवं. काकू एकाहत्तर साली नवऱ्याबरोबर नागपूरहून आल्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकूंनी अठ्ठावीस वर्षं हवेचे नमुने तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी केली, आणि निवृत्त झाल्या त्या दिवशी जाहीर केलं की जिथं रूळ जातात, तिथं मी यापुढे उडणार नाही. "हवेत काय काय सोडतो आपण, ते मी अठ्ठावीस वर्षं नळीत भरून पाहिलंय," त्या सांगायच्या. "भारतात जायला रूळ नाहीत, म्हणून नाइलाज." दुसऱ्याला उपदेश त्या कधी करत नसत. स्वतः मात्र सिअ‍ॅटलजवळ बॉथेलला राहणाऱ्या लेकीकडे, नेत्राकडे, शेहेचाळीस तासांच्या गाडीनं जात. मंडळात त्या गाडीला 'काकूंची बैलगाडी' म्हणत, आणि हे नाव ठेवणारा उल्हासच होता. साडेचार तासांचं काम शेहेचाळीस तासांत करणारी बाई त्याला गमतीची वाटे. प्रेमही होतं. शहाण्णव साली शिकागोच्या थंडीत तो पुण्याचं जर्किन घालून उतरला, तेव्हा काकांचा जाड कोट काकूंनीच त्याच्या अंगावर घातला होता.

त्या डिसेंबरात नेत्राचं बाळंतपण होतं. काकूंनी वीस तारखेचं गाडीचं तिकीट काढलेलं. एकोणीस तारखेला त्या घरासमोरच्या बर्फावर घसरल्या आणि घोट्याचं हाड मोडलं. एकवीस तारखेला तिकडे मुलगी झाली आणि इकडे आजी पायाला प्लॅस्टर लावून सोफ्यावर. एक जानेवारीला बारावा दिवस, बारसं तेव्हाच ठरलं होतं.

एकोणतीस तारखेला, शनिवारी संध्याकाळी, उल्हास आणि कांचन काकूंना पिठलं-भात घेऊन गेले. काकूंच्या मांडीवर गोधडी होती. त्यांच्या आईच्या दोन मऊ झालेल्या सुती साड्यांची, एक जांभळी, एक हळदी रंगाची. काठाला शेवटचे धावदोरे घालायचं चाललं होतं.

"झाली बघ," काकू म्हणाल्या. "पण उपयोग काय? उद्या रविवार. सोमवारी पोस्टात टाकली, तर मंगळवारी नवीन वर्षाची सुट्टी. चार पिढ्यांचं कापड आहे रे. आजीला नाही जाता येत बारशाला, निदान ही तरी गेली असती."

उल्हासनं काही विचार केला नाही. विचार करण्याआधीच त्याचा लौकिक बोलून गेला. "अहो काकू, मी सोमवारी सिअ‍ॅटललाच चाललोय."

कांचननं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"एकतीस तारखेला?" काकू म्हणाल्या. "काम आहे?"

इथं खरं सांगता आलं असतं. पण समोर हवा तपासून म्हातारी झालेली बाई बसली होती, आणि तिला 'नाही हो, नुसता जाऊन परत येणार आहे' हे सांगायला उल्हासची जीभ वळेना. "क्लायंट आहे," तो म्हणाला. "काय करणार."

"चाकरी आहे बाबा," काकूंनी सुस्कारा सोडला. मग त्यांनी गोधडीची घडी घातली, आणि मनाशी काहीतरी मांडावं तसं बोलल्या, "विमान तसंही जाणारच आहे. तूही जाणारच आहेस. हिचं ओझं काय ते. घेऊन जा."

गाडीत बसल्यावर कांचन एवढंच म्हणाली, "खोटं बोलून ओझं उचललंस उल्हास."

"पोचवणार आहे ना पण? मग झालं तर."

त्याचा बेत पक्का होता. विमान साडेदहाला पोचणार, परतीचं अकरा चाळीसला. नेत्राचा नवरा निमिष बाहेर येईल, त्याच्या हातात पिशवी द्यायची, क्लायंटची गाडी थांबलीय म्हणून सांगायचं, आणि गोल्डच्या छोट्या रांगेतून पुन्हा आत.

सोमवारी शिकागोत बर्फ पडला. विमानाच्या पंखांवरचा बर्फ धुण्यात अर्ध्या तासावर वेळ गेला. सिअ‍ॅटलला दार उघडलं, तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. परतीचं गेट साडेअकराला बंद होणार. उल्हास पिशवी घेऊन बाहेरच्या दाराकडे जवळजवळ पळतच निघाला. फोनवर नेत्राचा मेसेज होता. निमिष गाडी घेऊन बाहेर चकरा मारतोय, मीच आत आलेय, लाल जॅकेट.

बाहेर पडायच्या वाटेवर एक पहारेकरी उंच स्टुलावर बसलेला. जमिनीवर जाड पिवळी रेघ, आणि पाटी की रेघ ओलांडली, तर परत फिरता येणार नाही. पलीकडे काच, आणि काचेपलीकडे वीसेक पावलांवर लाल जॅकेट. बाळंतीण अकरा दिवसांची. एका हातात पाळण्यासारखी गाडीतली खुर्ची, त्यात टोपडं घातलेलं बाळ. येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे ती मान उंचावून बघत होती.

उल्हासनं घड्याळ पाहिलं. अकरा चौदा. बाहेर गेलो, तर पुन्हा तपासणीच्या रांगेतून यायचं. वर्षअखेरची गर्दी. पंधरा मिनिटं, कदाचित वीस. आजचं विमान चुकलं, तर उद्याचं. उद्याचे मैल पुढच्या वर्षात. त्यानं पहारेकऱ्याला विचारलं, ही पिशवी त्या लाल जॅकेटवाल्या बाईंना देता येईल का? पहारेकऱ्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की उल्हासनं पिशवी पोटाशी धरली.

तिला हाक मारता आली असती. काचेजवळ बोलावून हातानं खूण करता आली असती. पण मग ती विचारणार, तुम्ही बाहेर का येत नाही? आणि त्या प्रश्नाचं उत्तर पाकिटाच्या वरच्या कप्प्यात होतं.

त्यानं फोन लावला. काचेपलीकडे नेत्रानं बाळाची खुर्ची खाली ठेवून फोन कानाला लावला.

"नेत्रा, उल्हास बोलतोय. अगं गडबड झाली. क्लायंटची गाडी दुसऱ्या दारावर आली, मी बसलोसुद्धा त्यात. आत्ता हायवेला लागलोय. मी पाठवतो गं, नक्की पाठवतो."

"ओह," ती म्हणाली. "इट्स ओके, दादा."

नेमकी तेव्हाच डोक्यावरच्या कर्ण्यातून बेवारशी सामानाबद्दलची सूचना सुरू झाली. उल्हासनं पाठ फिरवली, फोन बंद केला आणि चालू लागला. अकरा सव्वीसला तो गेटवर होता. गोल्ड म्हणून त्याला पुढची रुंद सीट मिळाली होती. पायाशी पिशवी ठेवून तो बसला. हवाईसुंदरीनं विचारलं, काही उबदार पांघरूण हवंय का? तो नको म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, एक जानेवारीला, दुपारी काकूंचा फोन आला. उल्हास सकाळभर वाक्यं जुळवत होता. पण काकूच बोलत सुटल्या. "उल्हास, देवासारखा धावलास रे बाबा. नेत्रा म्हणाली, गोधडी अगदी वेळेवर मिळाली. शरयू नाव ठेवलं. तिच्यातच गुंडाळून कानात नाव सांगितलं म्हणे."

उल्हासच्या समोर, जिन्याच्या पहिल्या पायरीवर, गोधडीची पिशवी होती. तो "हो" म्हणाला. नुसता 'हो' म्हणाला, आणि त्या एका अक्षरानं त्याचं तोंड कडू झालं.

मग त्यानं नेत्राला फोन लावला. फोन उचलला गेला, मागे बाळ रडत होतं.

"दादा," ती म्हणाली, "फोनमध्ये जी अनाउन्समेंट ऐकू येत होती ना, तीच मला डोक्यावर ऐकू येत होती. सो आय टर्न्ड अराउंड. तुमची पाठ दिसली."

उल्हास पायरीवर, पिशवीशेजारी बसला.

"आईला मी सांगितलं, मिळाली म्हणून. ती तिथं पाय मोडून एकटी बसलीय, तिला आज हे नको होतं. तुम्हीपण सांगू नका."

"मी उद्याच पाठवतो. एका दिवसात पोचेल असं—"

"नो. पोस्टानं नको," नेत्रा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्ही दिलीत असं आईला वाटतंय. मग तुम्हीच आणून द्या."

माणूस म्हणेल, यात काय, पुढच्याच आठवड्यात जायचं. कार्ड होतं, साठवलेले मैल होते, फुकट तिकीट निघालं असतं. पण उल्हास गेला नाही. जानेवारीत शार्लट शहरातलं प्रोजेक्ट सुरू झालं, ही एक सबब. फेब्रुवारीत बर्फ, ही दुसरी. खरी गोष्ट अशी की त्या लाल जॅकेटसमोर उभं राहायची त्याला लाज वाटत होती, आणि जितके दिवस जात तितकी ती वाढत होती. गोधडी कपाटात, त्याच्या शर्टांच्या वर. दर सोमवारी पहाटे शर्ट काढताना तिचा जांभळा काठ दिसे. नवं सोनेरी कार्ड फेब्रुवारीत टपालानं आलं. त्यानं ते पाकिटाच्या आतल्या कप्प्यात घातलं.

वर काकूंचं कौतुक. संक्रांतीच्या तिळगुळाला त्यांनी कुबड्यांवर उभं राहून सगळ्या मंडळाला सांगितलं की सुट्टीच्या दिवशी कामाला गेलेला मुलगा, पण वाट वाकडी करून गोधडी देऊन आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उल्हास हलव्याच्या वाटीत बघत राहिला. शेजारी बसलेली कांचन टाळी न वाजवता बसली होती.

मार्चमध्ये काकूंचा पाय प्लॅस्टरमधून सुटला. त्यांनी बॉथेलला जायचं गाडीचं तिकीट काढलं, आणि बॅग उचलायला कुणी आहे का, असं मंडळात विचारलं. जायला दोन दिवस, नुसतं बसून. कोण येणार?

"उल्हास येईल," कांचन म्हणाली.

घरी येऊन उल्हासनं आदळआपट केली. दोन दिवसांची रजा, एक संपूर्ण शुक्रवार, क्लायंट काय म्हणेल. कांचननं कपाट उघडून गोधडी पलंगावर ठेवली. "ही किती महिने झोपणार आपल्याकडे?" तिनं विचारलं. उल्हासनं गोधडी उचलून बॅगेत तळाशी घातली.

गुरुवारी दुपारी सव्वादोनला शिकागोहून गाडी सुटली. काकू खिडकीशी, उल्हास शेजारी, बॅग डोक्यावरच्या फळीवर. त्याला वाटलं होतं, काकू विणकाम करतील, आपण लॅपटॉप उघडू. पण काकूंना बोलायचं होतं, आणि बोलायला त्यांना एकच विषय होता. समोर बसलेल्या विस्कॉन्सिनच्या म्हाताऱ्या जोडप्याला त्यांनी संध्याकाळच्या आत गोधडीची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी नॉर्थ डकोटाची सपाट पांढरी जमीन दोन्ही खिडक्यांतून मागे सरकत असताना जेवणाच्या डब्यात एका शिक्षिकेला सांगितली. "धिस बॉय," त्या म्हणायच्या आणि उल्हासच्या दंडावर हात ठेवायच्या. बेचाळिशीचा बॉय मान खाली घालून ऑम्लेटचे तुकडे करत होता. विमानात शेजारच्या माणसाशी एक शब्दही न बोलता चार तास काढता येतात. इथं सगळे एकमेकांकडे तोंड करून बसलेले, आणि उतरायचं स्टेशन अजून एक अख्खा दिवस लांब.

दुपारी मोंटानात, हॅवरच्या अलीकडे, गाडी थांबली. पुढून मालगाडी यायची होती. तिला वाट देत गाडी उघड्या माळावर तासभर उभी राहिली. डबा शांत झाला, बाहेर वारा बर्फाची भुकटी उडवत होता. काकूंनी थर्मासमधला चहा दोन झाकणांत ओतला, आणि म्हणाल्या, "त्या दिवशी तू गोधडी दिलीस तेव्हा नेत्रा कशी दिसत होती रे? दमलेली?"

उल्हासनं झाकण खाली ठेवलं. "काकू, मी दिली नाही."

उल्हास उठला, फळीवरची बॅग काढली, तळातून गोधडी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि उभाच राहिला.

"बस," काकू म्हणाल्या. त्यांनी गोधडीचा काठ बोटांनी चाचपला. "मला माहीत आहे. बारशाच्या फोटोत शरयू हॉस्पिटलच्या पट्ट्यापट्ट्यांच्या दुपट्यात होती. नेत्राला वाटलं, आईला काय दिसतंय. अठ्ठावीस वर्षं नळीतला रंग बघून नोकरी केली मी."

"मग संक्रांतीला... आणि इथं, सगळ्यांना..."

"तुला बोलायला जागा करून देत होते. दर वेळी वाटायचं, आता बोलेल." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तू फार चिवट निघालास."

उल्हासनं विमान उशिरा पोचल्याचं सांगितलं, पिवळी रेघ सांगितली, लाल जॅकेट आणि फोन सांगितला. सांगताना तो काकूंकडे बघत नव्हता, बाहेरच्या कुंपणाच्या तारेकडे बघत होता.

सगळं ऐकून काकू म्हणाल्या, "वाईट वाटलं. खोटं नाही सांगत. ओली बाळंतीण तिथं उभी आणि तू पाठ फिरवलीस. पण क्लायंट वाट बघत असेल. पोटासाठी माणूस घाबरतो, मी काय नोकरी केली नाही? जाऊ दे."

आणि ही खरी अडचणीची जागा होती. काकूंनी स्वतःच्या हातानं दार उघडून धरलं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं. तसा तो एकदा म्हणालाही होता. बाकी कुणाला कधी कळलं नसतं, आणि कांचन बोलली नसती.

"क्लायंट नव्हता," उल्हास म्हणाला.

"म्हणजे?"

"काम नव्हतं काकू. सिअ‍ॅटलला माझं काहीच नव्हतं. मैल कमी पडत होते. नुसता गेलो आणि त्याच विमानतळावरून परत आलो. कार्डासाठी."

काकूंनी चष्मा काढला. तो पुसून पुन्हा लावला. "त्या कार्डानं काय मिळतं?"

उल्हासनं सांगायला सुरुवात केली. पुढची सीट. वेगळी रांग. बसायला खोली असते, तिथं कॉफी मिळते. चीज असतं. बॅग लवकर येते. विमानतळावर शंभर वेळा अभिमानानं म्हटलेली ही यादी थांबलेल्या गाडीत त्याला फार केविलवाणी वाटली. "दोरी बाजूला करतात," तो शेवटी म्हणाला, आणि हे आपण का सांगितलं ते त्यालाच कळलं नाही.

काकू रागावतील, हवेचा हिशेब मांडतील, असं त्याला वाटलं होतं. तसं झालं असतं, तर बरं झालं असतं. त्या अगदी हळू बोलल्या.

"मी माझा नेम मोडून गोधडी तुझ्याकडे दिली होती. मनाला समजावलं, विमान जाणारच आहे, उल्हास कामाला जाणारच आहे. आणि तुला तर कुठं जायचंच नव्हतं." त्यांनी गोधडीवर हात ठेवला. "तुझ्या त्या सीटवर बसून सिअ‍ॅटलला जायचं खरं कारण एकालाच होतं रे. हिला. आणि तिलाच तेवढं तू परत घेऊन आलास."

मालगाडी आली. डबे मोजता येणार नाहीत इतके होते. ती जाईपर्यंत सगळे खिडकीबाहेर बघत होते, तेवढ्यात उल्हासनं डोळे पुसून घेतले. गाडी हलल्यावर काकूंनी गोधडी गुडघ्यांवर पसरली, कारण डब्यातला हीटर नावापुरताच होता, आणि खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले. विस्कॉन्सिनच्या म्हातारीनं विचारलं, बाई बऱ्या आहेत ना? उल्हास म्हणाला, बऱ्या आहेत. मग त्यानं तिला सांगून टाकलं की काल ऐकलेली गोष्ट खरी नाही, गोधडी हीच. म्हातारीनं गोधडीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा हातातलं शब्दकोडं सोडवायला घेतलं.

संध्याकाळी डोंगर सुरू झाल्यावर काकूंनी विचारलं, "परत कसा जाणार?"

"विमानानं. रविवारी. सोमवारी शार्लटला..." तो अडखळला. "खरंच काम आहे."

"काम आहे, तर जा की," काकू म्हणाल्या. "मी कुठं अडवलंय." आणि त्यांनी त्याला डब्यातली मेथीची शेवटची पोळी दिली.

शनिवारी सकाळी अकराला गाडी सिअ‍ॅटलला लागली. उल्हासनं काकूंची बॅग एका हातात घेतली. दुसरी बॅग खांद्यावर टाकून तो गोधडी तिच्यात कोंबू लागला, तर काकू म्हणाल्या, "हातातच घे." तसा तो उतरला. फलाटावरून आत जायच्या दाराशी पहारेकरी नव्हता, रेघ नव्हती, काचही नव्हती. दारातून सरळ समोर नेत्रा दिसत होती. जॅकेट तेच. छातीशी झोळीत शरयू, तीन महिन्यांची, टकमक बघणारी.

उल्हासनं शेहेचाळीस तासांत एक वाक्य तयार केलं होतं. काकू काठी टेकत पुढे गेल्या, नातीचे गाल धरले, रडल्या, लेकीच्या गळ्यात पडल्या. उल्हास पाच पावलं मागे थांबला. ते वाक्य त्याला आठवेना.

नेत्रानं आईच्या खांद्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता ती बोलेल आणि आपण ऐकून घेऊ. पण आईला तिनं बाकावर बसवलं, दोन पावलं पुढे आली आणि दोन्ही हात पसरले.

"द्या," ती म्हणाली.

उल्हासनं गोधडी तिच्या हातांवर ठेवली. तिनं ती तिथंच उलगडली, शरयूच्या पाठीवरून घेतली आणि तिच्या मानेपाशी नीट खोचली. मग आईला हात देऊन उठवलं आणि दोघी बोलत बोलत गाडीकडे चालू लागल्या. उल्हास बॅगा घेऊन त्यांच्या मागून निघाला, आणि चालताना त्याला नेत्राची पाठच तेवढी दिसत होती.